भ्रूण गोठण व संततीचे स्वास्थ्य

सस्तन प्राण्यांचा विकासाच्या अगदी आरंभीच्या अवस्थेतील भ्रूण मातेच्या शरीरातून काढून घेऊन अथवा प्रयोगशाळेत तयार करून अतिशय नीच तापमानात (सामान्यतः द्रवरूप नायट्रोजनात, −१९६° से. तापमानास) साठविणे व पुढे योग्य वेळी वितळवून दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात त्याचे रोपण करणे, या क्रियेला भ्रूण गोठण किंवा भ्रूणाचे शीतपरिरक्षण म्हणतात. उंदीर, ससा, मेंढी, गाय इ. प्राण्यांत ही क्रिया विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साध्य झाली आणि अल्पावधीतच पशुपैदास, प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या जातींचे जतन व मानवी वंध्यत्वावरील उपचार या तिन्ही क्षेत्रांत तिचा प्रसार झाला. आरंभी गोठविलेला भ्रूण जिवंत राहतो की नाही व त्यापासून पिलू जन्मते की नाही, एवढाच प्रश्न शास्त्रज्ञांपुढे होता. जन्मलेले पिलू पुढे कसे वाढते, प्रौढपणी व वार्धक्यात त्याचे आरोग्य कसे राहते आणि त्याच्या संततीवर काही परिणाम होतो काय, हे प्रश्न बऱ्याच उशिरा विचारले गेले. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या प्रश्नमालिकेचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

पूर्वेतिहास : एका मादीचा भ्रूण दुसरीच्या गर्भाशयात वाढू शकतो, हे वॉल्टर हीप या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये दाखविले. त्यांनी अंगोरा जातीच्या सशाचे दोन भ्रूण बेल्जियन जातीच्या गाभण मादीत सोडले. तिला झालेल्या सहा पिलांपैकी चार बेल्जियन व दोन अंगोरा जातीची होती. पालक मातेच्या गर्भाशयाचा पिलाच्या जातिलक्षणांवर परिणाम होतो काय, हे पाहणे हा हीप यांचा हेतू होता व तसा परिणाम होत नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला. म्हणजे भ्रूणाच्या रोपणाचा इतिहास संततीविषयीच्या प्रश्नापासूनच सुरू होतो. मात्र हीप यांनी पाहिली ती केस, रंग व बांधा यांसारखी ढोबळ लक्षणे होती.

गोठणाच्या तंत्राला खरी चालना १९४९ मध्ये मिळाली. लंडनजवळील मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत क्रिस्टोफर पोल्ज, ऑड्री स्मिथ व ॲलन पार्क्स हे कोंबड्याचे शुक्राणू गोठविण्याचे प्रयोग करीत होते. फळशर्करेचे म्हणून ठेवलेले एक द्रावण वापरले असता शुक्राणू गोठूनही जिवंत राहिले. नवे द्रावण करून पाहता मात्र तो परिणाम मिळेना. तेव्हा मूळ बाटलीतील द्रावणाची रासायनिक तपासणी करण्यात आली. त्यात शर्करा नसून ग्लिसरॉल व अल्ब्युमिन असल्याचे आढळले आणि ग्लिसरॉलचा परिरक्षक गुण उघडकीस आला. त्यानंतर वळूचे वीर्य गोठवून साठविणे शक्य झाले व कृत्रिम वीर्यसेचनाचा जगभर प्रसार झाला. स्मिथ यांनी १९५२ मध्ये सशाची फलित अंडी ग्लिसरॉलमध्ये ठेवून गोठविण्याचा प्रयत्न केला. पण वितळविल्यावर फारच थोड्या अंड्यांचे विभाजन झाले. शुक्राणूच्या मानाने अंडे व भ्रूणाची कोशिका (पेशी) आकारमानाने फार मोठी असून तिच्यात पाणी पुष्कळ असते, त्यामुळे शुक्राणूसाठीची कृती भ्रूणाला लागू पडली नाही.

गोठणाचे तत्त्व : कोशिका थंडीने मरत नाही, तर गोठण्याच्या व वितळण्याच्या मार्गावर मरते. सावकाश थंड केल्यास प्रथम कोशिकेबाहेरील पाण्याचे बर्फ होते, बाहेरील द्रावण अधिकाधिक संहत होत जाते व कोशिकेतील पाणी बाहेर खेचले जाते. ही क्रिया फार लांबल्यास कोशिका आक्रसते आणि क्षारांच्या वाढत्या संहतीचा तिला उपद्रव होतो. उलट फार जलद थंड केल्यास पाणी बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही व कोशिकेच्या आतच बर्फाचे स्फटिक तयार होऊन तिची रचना फाटते. या दोन धोक्यांमध्ये प्रत्येक प्रकारच्या कोशिकेसाठी शीतनाची एक इष्टतम त्वरा असते, हे अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेचे पीटर मेझर व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये मांडले. ग्लिसरॉल, डायमिथिल सल्फॉक्साइड, एथिलीन ग्लायकॉल यांसारखी परिरक्षक द्रव्ये बर्फाचे प्रमाण व क्षारांची संहती कमी ठेवतात. पण ही द्रव्ये स्वतः पूर्णपणे निरुपद्रवी नसतात. दीर्घकालीन परिणामांच्या पुढील चर्चेत ही गोष्ट महत्त्वाची ठरली.

पहिली यशे : याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, डेव्हिड व्हिटिंगहॅम, स्टॅन्ली लीबो व मेझर यांनी उंदराचे भ्रूण −१९६° से. व काही −२६९° से. तापमानापर्यंत गोठवून जिवंत परत मिळविल्याचे जाहीर केले. डायमिथिल सल्फॉक्साइडच्या द्रावणात मिनिटास ०.३° ते २° से. इतक्या मंद गतीने शीतन व मिनिटास ४° ते २५° से. या गतीने तापन, ही त्यांची रीत होती. वितळविलेल्या २,५०० हून अधिक भ्रूणांपैकी ५० ते ७० टक्के भ्रूण संवर्धनात कोरकपुटी अवस्थेपर्यंत (रोपणापूर्वीच्या पोकळ गोलाच्या अवस्थेपर्यंत) पोहोचले. त्यांतील सु. १,००० भ्रूण पालक मातांमध्ये सोडले असता ६५ टक्के माता गर्भार राहिल्या आणि या मातांतील ४० टक्क्यांहून अधिक भ्रूणांपासून पूर्ण वाढीचे गर्भ किंवा जिवंत पिले मिळाली. केंब्रिज येथे इयान विल्मट यांनीही १९७२ मध्येच स्वतंत्रपणे उंदराच्या भ्रूणांविषयी असेच निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९७३ मध्ये विल्मट व एल. ई. ए. रोसन यांच्या प्रयोगातून गोठविलेल्या भ्रूणापासूनचे पहिले वासरू जन्मास आले. त्याचे नाव ‘फ्रॉस्टी’ असे ठेवण्यात आले. पुढे १९९६ मध्ये जन्मलेल्या ‘डॉली’ या मेंढीमुळे विल्मट जगप्रसिद्ध झाले.

या प्रारंभीच्या निबंधांत जन्मलेल्या पिलांचे वर्णन ‘सामान्य’ असे केलेले आढळते. या शब्दाचा तेव्हाचा अर्थ मर्यादित होता. बाह्य व्यंग नसणे, वाढ नीट होणे आणि प्रौढपणी प्रजननक्षम असणे, एवढे दिसले की पिलू सामान्य मानले जाई. तंत्राच्या सिद्धीसाठी ही कसोटी पुरेशी होती; आयुष्यभराच्या स्वास्थ्याविषयी मात्र तिच्यावरून काही सांगता येत नव्हते.

प्रसार व उपयोग : यानंतर ससा व मेंढी (१९७४), पांढरा उंदीर (१९७५), शेळी (१९७६) व घोडा (१९८२) यांच्या भ्रूणांबाबत यश मिळाले. डुकराचे भ्रूण मात्र सु. १५° से. खाली नुसते थंड केले तरी मरत असत. त्यांच्या कोशिकांतील मेदबिंदूंचे विपुल प्रमाण हे याचे मुख्य कारण होय. गोठविलेल्या भ्रूणांपासून डुकराची पिले १९८९ मध्ये मिळाली आणि १९९५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी भ्रूणातील मेद काढून टाकल्यास तो शीतन सोसतो, असे दाखविले. दरम्यान १९८५ मध्ये विल्यम रॉल व ग्रेगरी फेही यांनी काचीभवनाची रीत मांडली. तीत परिरक्षक द्रव्ये अतिसंहत प्रमाणात वापरून शीतन इतके जलद केले जाते की, पाण्याचे स्फटिक न बनता सर्व द्रावण काचेसारखे घट्ट होते. बर्फाचा धोका यामुळे टळला. पण द्रव्यांची मात्रा वाढली.

गायींच्या बाबतीत गोठविलेला भ्रूण हा व्यापाराचा विषय झाला. जिवंत जनावर समुद्रापार नेण्यापेक्षा नायट्रोजनच्या पात्रातून भ्रूण नेणे स्वस्त असते व रोगप्रसाराचा धोकाही कमी असतो. भारतात १९८७ मध्ये केंद्र शासनाच्या साहाय्याने गोवंशातील भ्रूण रोपणाचा प्रकल्प हाती घेण्यात आला आणि २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ अभियानात देशी जातींच्या वृद्धीसाठी या तंत्राला स्थान देण्यात आले. प्रयोगशाळेतील उंदरांच्या बाबतीत ब्रिटनमधील हार्वेल येथे व अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत भ्रूणांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. पिढ्यान्‌पिढ्या पैदास चालू ठेवल्यास उत्परिवर्तने (आनुवंशिक द्रव्यात आकस्मिक होणारे बदल) साचून मूळ जात हळूहळू बदलत जाते. हे टाळण्यासाठी जॅक्सन प्रयोगशाळेत २००३ पासून दर पाच पिढ्यांनी गोठविलेल्या भ्रूणांतून मूळ कळप नव्याने उभा करण्याची पद्धत अवलंबिली गेली. ज्या प्राण्यांवर औषधांच्या व रोगांच्या चाचण्या होतात, त्यांचे मूळच असे गोठविलेल्या भ्रूणात असल्याने गोठणाने संततीत काही बदल होतो काय, हा प्रश्न केवळ पशुपालकाचा राहिला नाही.

साठवणीच्या काळाचा परिणाम : भ्रूण जितका अधिक काळ गोठलेला राहील तितका अधिक बिघडेल, अशी सर्वसाधारण समजूत असते. तत्त्वतः तसे घडण्याचे कारण नाही. −१९६° से. तापमानास द्रवरूप पाणी नसते व रासायनिक विक्रियांना आवश्यक तेवढी औष्णिक ऊर्जाही उपलब्ध नसते. विश्वकिरण व परिसरातील किरणोत्सर्ग यांचा आघात मात्र या तापमानासही चालूच राहतो आणि कोशिकेची दुरुस्तीची यंत्रणा थांबलेली असल्याने तो साचत जाण्याचा संभव असतो. याची परीक्षा हार्वेल येथे मेरी लायन, व्हिटिंगहॅम व पीटर ग्लेनिस्टर यांनी केली. आठ कोशिकांच्या अवस्थेतील उंदराचे गोठविलेले भ्रूण त्यांनी नेहमीपेक्षा कितीतरी पट अधिक प्रारणाच्या सान्निध्यात ठेवले. १९७७ व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत सु. २,००० वर्षांच्या नैसर्गिक प्रारणाइतकी मात्रा मिळूनही भ्रूणांच्या जगण्यावर किंवा त्यांपासून झालेल्या संततीवर अनिष्ट परिणाम आढळला नाही. ऑस्ट्रेलियात सु. १३ वर्षे साठविलेल्या मेंढीच्या भ्रूणांपासूनही कोकरे मिळाली. यावरून साठवणीचा काळ ही गौण बाब असून काही परिणाम झालाच तर तो गोठण्याच्या व वितळण्याच्या थोड्या वेळातच होतो, हे स्पष्ट झाले.

आयुष्यभराचा अभ्यास : प्राण्यांतील दीर्घकालीन अभ्यास पुरे होण्यापूर्वीच हे तंत्र मानवात वापरले गेले. कोलकात्याचे सुभाष मुखोपाध्याय यांनी गोठविलेल्या भ्रूणापासून १९७८ मध्ये कन्या जन्मल्याचे जाहीर केले. तेव्हा त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही, टी. सी. आनंद कुमार यांनी त्यांच्या टिपणांचा अभ्यास करून १९९७ मध्ये त्यांच्या कार्याकडे लक्ष वेधले. ऑस्ट्रेलियात ॲलन ट्राउन्सन व लिंडा मोर यांनी १९८३ मध्ये गोठविलेल्या मानवी भ्रूणापासून गर्भधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले आणि १९८४ मध्ये तेथे अशा भ्रूणापासून मूल जन्मले. मानवाच्या वार्धक्यापर्यंतची माहिती मिळण्यास कित्येक दशके लागतात, तर प्रयोगशाळेतील उंदराचे सर्व आयुष्य दोन-तीन वर्षांत पाहता येते. गायींचा येथे फारसा उपयोग होत नाही. कारण दूध आटले की गाय कळपातून बाद केली जाते व तिच्या वार्धक्याची नोंद सहसा राहत नाही.

फ्रान्समधील ई. ड्यूलिउस्त व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला उंदरांवरील अभ्यास या विषयातील महत्त्वाचा टप्पा होय. त्यांनी भिन्न आनुवंशिक घडणीचे उंदीर घेतले आणि गोठविलेल्या भ्रूणांपासून झालेल्या व तुलनेसाठी ठेवलेल्या प्राण्यांची जन्मापासून वार्धक्यापर्यंत तपासणी केली. गंभीर विकृती आढळल्या नाहीत. परंतु शरीररचना, शरीरक्रिया व वर्तन यांच्या काही लक्षणांत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक दिसले आणि त्यांपैकी काही फरक वार्धक्यातच प्रकट झाले. गोठण ही संपूर्णपणे तटस्थ क्रिया दिसत नाही, असा सावध निष्कर्ष त्यांनी काढला. जन्मवेळी किंवा तारुण्यात केलेल्या तपासणीत जे दिसले नसते ते आयुष्यभर पाहिल्यावर दिसले, ही या अभ्यासाची मुख्य शिकवण होय.

संभाव्य कारणे : गोठणाने जनुकांतील (आनुवंशिकतेच्या घटकांतील) मजकूर बदलतो, याला पुष्टी मिळाली नाही. मग इतक्या उशिरा दिसणारा परिणाम कसा घडावा, याचा उलगडा दुसऱ्या दिशेने आलेल्या संशोधनाने काही अंशी झाला. प्रयोगशाळेत संवर्धित केलेल्या भ्रूणांपासून झालेली काही वासरे व कोकरे प्रमाणाबाहेर मोठी असतात व अनेकदा जन्माच्या सुमारास दगावतात, हे १९९० नंतरच्या दशकात लक्षात आले. अशा मेंढ्यांच्या गर्भांत वाढीला आवर घालणाऱ्या एका जनुकाचे कार्य मंदावलेले असते, असे एल. ई. यंग व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखविले. जनुकाचा मजकूर तोच होता. त्यावरील मिथिल गटांची खूण मात्र पुसली गेली होती. आरंभीच्या भ्रूणात अशा खुणा पुसल्या जाऊन नव्याने उमटत असतात, त्यामुळे हा काळ विशेष नाजूक असतो. पांढऱ्या उंदराच्या मादीला गर्भधारणेनंतरचे केवळ पहिले काही दिवस (भ्रूणाचे रोपण होण्यापूर्वीचे) कमी प्रथिनांचा आहार दिल्यास संततीत पुढे रक्तदाब वाढतो, हे इंग्लंडमधील प्रयोगांत २००० मध्ये आढळले. संवर्धनाच्या द्रावणात गोवंशीय गर्भाचा रक्तद्रव मिसळल्यास त्या भ्रूणांपासून झालेल्या उंदरांच्या वर्तनात व वाढीत फरक पडतो, हे २००४ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी दाखविले.

हे पुरावे गोठणाविषयी नसून भ्रूणाच्या भोवतालाविषयी आहेत. परंतु गोठण हाही भोवतालातील बदलच असतो. परिरक्षक द्रव्यांचा स्पर्श, पाणी जाऊन कोशिका आक्रसणे व पुन्हा फुगणे, तापमानाची एकाएकी चढउतार आणि शरीराबाहेर घालविलेला वेळ, असे अनेक आघात तीत एकत्र येतात. चीनमधील संशोधकांना २०१० मध्ये काचीभवन केलेल्या उंदराच्या भ्रूणांत वाढीशी संबंधित जनुकांच्या एका जोडीवरील मिथिल खुणांत बदल आढळला. या जोडीतील जनुकांचे कार्य ती मातेकडून आली की पित्याकडून यावर अवलंबून असते.

सशांतील पिढ्यांचा अभ्यास : स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील तंत्रविद्या विद्यापीठात सशांवर झालेले कार्य याबाबत अधिक विस्तृत आहे. तेथील एक्स. गार्सिया-दोमिंगेस व सहकारी यांनी २०२० मध्ये तीन पिढ्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. काचीभवन व रोपण केलेल्या भ्रूणांपासून झालेल्या सशांची वाढ कमी होऊन त्यांचे प्रौढपणीचे वजन नैसर्गिक संततीपेक्षा कमी भरले. हा फरक त्यांच्या पिलांत व नातवंडांतही टिकून राहिला. यकृताच्या वजनात व त्यातील जनुकांच्या कार्यातही भेद दिसले. असे असूनही हे प्राणी निरोगी दिसत होते आणि त्यांचे प्रजनन सुरळीत होते. तिसऱ्या पिढीतील ससे कधीच गोठविले गेले नव्हते, हे लक्षात घेता भ्रूणावस्थेतील अनुभवाचा ठसा केवळ त्या एका जीवापुरता राहत नसावा, असे यावरून सूचित होते.

तुलनेतील अडचणी : या सर्व अभ्यासांचे मूल्य तुलनेसाठी निवडलेल्या गटावर अवलंबून असते. गोठविलेल्या भ्रूणाची तुलना नैसर्गिक संततीशी केल्यास मादीला दिलेली संप्रेरके, भ्रूण काढून घेणे, संवर्धन, रोपण व गोठण या सर्वांचा एकत्रित परिणाम दिसतो. गोठणाचा वाटा वेगळा काढता येत नाही. त्यासाठी न गोठविता रोपण केलेल्या भ्रूणांचा गट आवश्यक असतो. पालक मातेच्या गर्भाशयात भ्रूण थोडे असल्यास पिले मोठी होतात, त्यामुळे एका वेतातील पिलांची संख्याही हिशेबात घ्यावी लागते. शिवाय वितळविल्यावर दुर्बळ भ्रूण मरून जातात व जगतात ते निवडकच असतात; त्यामुळे काही दोष झाकले जाण्याचा संभव असतो. एका जातीत किंवा एका रीतीने मिळालेला निष्कर्ष दुसऱ्या जातीला वा रीतीला लागू पडेलच असे नाही. मंद गोठणातील उंदीर व काचीभवनातील ससा यांचे निष्कर्ष म्हणूनच एकत्र मोजता येत नाहीत.

मूल्यमापन : गोठविलेल्या भ्रूणांपासून जगभर असंख्य वासरे, कोकरे व उंदीर जन्मले असून त्यांतील बहुसंख्य प्राणी कोणत्याही दृश्य व्यंगाशिवाय वाढले आहेत. या तंत्राने संततीत मोठ्या विकृती निर्माण होतात, या भीतीला प्राण्यांतील पुराव्याचा आधार नाही. तथापि, गोठणाने भ्रूणाचे जीवन केवळ थांबते व पुढे जसेच्या तसे सुरू होते, ही आरंभीची कल्पनाही टिकलेली नाही. नायट्रोजनमधील वर्षे निरुपद्रवी ठरली, तर तेथे जाण्या-येण्याची काही मिनिटे व तास महत्त्वाचे ठरले. हीप यांच्या सशांच्या केसांत न दिसलेला फरक आधुनिक अभ्यासकांना सशांच्या वजनात व यकृतात दिसला. कारण त्यांनी अधिक सूक्ष्मपणे व अधिक काळ पाहिले. दुर्मिळ जातींचे जतन, पशुपैदास व वंध्यत्वावरील उपचार यांना या तंत्रावाचून गत्यंतर नाही. म्हणून वितळलेला भ्रूण रुजला व पिलू जन्मले येथे नोंद न थांबविता ती त्या प्राण्याच्या वार्धक्यापर्यंत व शक्य तेथे पुढील पिढ्यांपर्यंत ठेवणे, हे या इतिहासाने दाखवून दिलेले कर्तव्य होय.